न्हाणीच्या पायरीची पट्टी

हा फोन दोन हजार नऊ सालच्या जूनमधला, माझ्या नातीचा दहावीचा निकाल लागल्यानंतरचा. मी लातूरला एकटी राहत होते. राजश्री, माझी मुलगी, नांदेडहून बोलत होती आणि मागच्या न्हाणीत ताहेरभाई फरशी बसवत होते. त्या दिवशी मी काय काय बोलले ते मला अजून आठवतं. राजश्रीची बाजू तिची तिनं सांगावी.

हॅलो?

हॅलो, कोण? … राजी का? अगं मोठ्यानं बोल, मागं फरशी कापायचं मशीन चालू आहे. … ताहेरभाई, ठैरो जरा. बंद करा ते. नांदेडचा फोन आहे. … हां, बोल आता.

अगं तेच करून राहिलोय ना. देवीच्या न्हाणीचं. सकाळपासून घरभर नुसती धूळ. … कोणती देवी म्हणजे? आपली देविका. अकरावीला इथं आली की मागची खोली तिलाच देणार ना मी, मग न्हाणी नको का नीट?

बरं झालं तूच फोन केलास, मी आता तुलाच लावणार होते. एक सांग, धातूची का प्लॅस्टिकची? … पट्टी गं. फरशीच्या कडेची. फरशी कापली की तिची कड उघडी राहते बघ, भिंतीच्या कोपऱ्याला, पायरीला. तिथं लावतात ती. ताहेरभाईंनी दोन्ही तुकडे आणून ठेवलेत माझ्यासमोर. एक अॅल्युमिनियमचा, चकचकीत, हाताला गार लागतो. दुसरा प्लॅस्टिकचा, गोल कडेचा, गुलाबी. देवीला गुलाबी आवडतो म्हणून मीच सांगितला तो. … पाचवीत आवडायचा म्हणजे आताही आवडतच असेल की. … निळा? कधीपासून? मला कुणी सांगितलंच नाही.

काय? … हो, हो… अगं ऐक ना. आधी माझं ऐक, ते सिमेंट कालवून बसलेत. ही पट्टी आधी लागते. तिला खाली भोकाभोकांचा पाय असतो, तो सिमेंटच्या ओल्या मसाल्यात दाबायचा आणि त्याच्यावर फरशी बसवायची. फरशी झाल्यावर वरून चिकटवलेली टिकत नाही, महिन्याभरात उचलते. आणि फरशी जेवढी जाड तेवढीच पट्टी उंच हवी. कमी झाली तर कड पायाला लागते, जास्त झाली तर ठेच. म्हणून आजच ठरवायचं आहे.

बोलायचंय? मग बोलूनच राहिलोय की आपण. … तसं नाही म्हणजे कसं? जावयांची तब्येत बरी आहे ना? … देवीची? … मग झालं तर. बाकीचं निवांत सांग, मला काही घाई नाही.

तुला ते शेजारचे चन्नबसप्पा आठवतात? त्यांनी मागच्या साली बाहेरच्या जिन्याला पट्ट्या लावल्या. स्टीलच्या, भारीतल्या. वर ते निळं पातळ आवरण असतं ना, ओरखडे पडू नयेत म्हणून? ते काढायला विसरले नाहीत हो. मुद्दाम ठेवलं. म्हणे, मुलीच्या लग्नापर्यंत नव्या दिसल्या पाहिजेत. … हाव गं, सोफ्यावरचं प्लॅस्टिक काढत नाहीत तसंच. मग मे महिना आला. आपलं ऊन तुला माहीत आहे. ते आवरण पट्टीवर भाजून बसलं. आता रोज संध्याकाळी पायरीवर बसून नखानं खरवडतात बिचारे. बायको आतून ओरडते, लग्नात पाहुण्यांनाही खरवडायला बसवा म्हणून. … हसलीस. बरं वाटलं. किती दिवसांनी हसलीस फोनवर.

नाही, नाही, प्लॅस्टिकचं पण कौतुक नको. ताहेरभाईंचं मत प्लॅस्टिकचं आहे. मी म्हटलं, भाई, पश्चिमेची खिडकी आहे तिथं. दोन उन्हाळ्यांत पिवळी पडेल, मग कडक होईल, बादली आपटली की टवका उडेल. ते म्हणतात, आपा, पडदा लावा. न्हाणीला पडदा लावू? … पण त्यांचंही खरं आहे. धातूला आपलं पाणी सोसत नाही. म्हणजे पाणी सोसतं, सुमनबाई सोसत नाहीत.

अगं सुमनबाई, भांडीवाल्या. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग पडतात ना नळावर, फरशीवर? त्या बाटलीतलं अॅसिड ओततात आणि खराट्यानं घासतात. लातुरात सगळ्याच घासतात तसं. तुझ्या बाबांनी पायरीला लावलेली ती अॅल्युमिनियमची पट्टी अशीच गेली. आधी काळी पडली, मग वर पांढरी भुकटी, मग भोकं. मी किती सांगितलं, बाई, साबणाचं पाणी घ्या, मऊ फडकं घ्या, पुसून कोरडी करा, डाग पडणारच नाहीत. त्या म्हणतात, काकू, वास आल्याबिगर साफ झाल्यावानी वाटत न्हाई. … हो ना. आता त्यांना कसं समजवायचं सांग.

पण देवी आल्यावर तिलाच सांगणार आहे मी. आंघोळ झाली की पायरीवरून फडकं फिरवायचं, एवढंच. आंघोळीला जाताना पुस्तक न्यायचं नाही. सकाळचा क्लास असेल तर मी उठवीन. इथून चालत जाता येतं, रिक्षासुद्धा नको. … ऐकतेय ना मी. तूच बोलत नाहीस.

खोली? खोली तर कधीच अडवून ठेवलीय. या वर्षी भाड्यानं एकही मुलगी ठेवून घेतली नाही. मुखेडची एक आली होती वडिलांबरोबर, निकालाच्या दुसऱ्याच दिवशी. रुद्राणी नाव. दोन वेण्या, आणि बोलायला अशी धीट. मला म्हणाली, आजी, तुमच्याकडं पेटी ठेवायला जागा आहे का, माझी पेटी मोठी आहे. वडील ओट्यावरच बसले होते, उठेनात. म्हणाले, होस्टेलात हिला करमणार नाही, घर पाहिजे. मी म्हटलं, दादा, नात येणार आहे माझी. … गेले. चहा मात्र घेतला. … आता कुठं शोधू तिला? गेली असेल कुठल्या तरी होस्टेलात. आतापर्यंत सगळ्या मुलींच्या खोल्या ठरल्या लातुरात, जूनअखेर कुणी मोकळं राहत नाही.

का? का विचारतेस तिचं? …

राजी, का विचारतेस?

…

थांबवू? काम थांबवू म्हणजे? … ताहेरभाई, तुम्ही चहा घ्या, ओट्यावर झाकून ठेवलाय. घ्या, मी हाक मारते. … हां. बोल.

…

कुठं? … नांदेडलाच. … आणि क्लास? … तोही. … अॅडमिशन झाली? म्हणजे घेतली? कधी? … अगं, परवा. आणि काल दुपारी मी फोन केला तेव्हा तू मला लोणच्याचं प्रमाण विचारत होतीस.

…

आहे. आहे मी. फोन चालू आहे. बोल तू.

हो, निघालेत खरे आता नांदेडला क्लास. पेपरात बघते ना मी. पानभर फोटो, पोरांच्या कपाळाला गुलाल. आधी ते आपल्याकडंच असायचं. … चांगले असतील. मी कुठं वाईट म्हणते? जावयांनी चौकशी केली असेल, ते चौकशी केल्याशिवाय काही करत नाहीत. … नाही, टोमणा नाही. खरंच म्हणते.

मला एवढंच वाटतं की, अर्धापूरहून पोरी येतात लातूरला, अहमदपूरहून येतात. आईवडील रडत रडत सोडून जातात, मी त्यांना गप्प करते. म्हणते, काळजी करू नका, मी आहे. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या पोरींना मी आहे म्हटलं. … असू दे. असू दे गं. तू का रडतेस?

तुला ती लांब नको होती. मग तसं सांगायचं. … एकुलती एक आहे, मला कळत नाही का? मलाही तू एकच होतीस. … हो, तुला नांदेडला दिलं. लांब नाही म्हणून दिलं.

काय जाऊ दे? … पट्ट्यांचं? पट्ट्यांचं कसं जाऊ देऊ? तुझ्या टाचेवरचा व्रण गेला का? … मग? बघ, आहे ना अजून.

ती हीच पायरी, राजी. तू बाळंतपणाला आली होतीस, सातवा संपत आला होता. गणपती बोळवून आलो होतो आदल्या दिवशी, घरात प्रसादाची ताटं तशीच होती. न्हाणीची फरशी तेव्हाच नवी बसवलेली, आणि पायरीची कड उघडीच. मिस्त्री म्हणाला होता, गणपती झाले की घासून देतो. मग पहाटे जमीन हलली. भांडी खाली आली, तुझे बाबा ओरडले, मागच्या दारानं, मागच्या दारानं. तू अनवाणी, त्या कडेवरून. मला बाहेर आल्यावर दिसलं तुझ्या पायाखाली सगळं लाल. मला वाटलं… तू सातव्यात होतीस, मला काय वाटलं असेल? कितीतरी वेळ मला कळेना की ते पायाचं आहे. … हो, बाबांनी बनियन फाडून बांधलं. सगळी गल्ली हसत होती नंतर, सर उघड्या अंगानं उभे म्हणून. हसू कसं येत होतं तेव्हा कोण जाणे. दुपारी औशाकडून, किल्लारीकडून बातम्या यायला लागल्या, मग कुणी हसलं नाही.

तेव्हापासून मला उघडी कड बघवत नाही. लोकांच्या घरी गेले तरी माझा हात आधी कोपऱ्यावर जातो. आणि तुझे बाबा तर शेवटपर्यंत अंगणातच झोपले. पाऊस आला की पडवीत, पण घराच्या आत म्हणून नाही.

…

तुमच्याकडं? … ते बोललोय आपण. तुझं घर तिसऱ्या मजल्यावर आहे बाई. मागच्या दिवाळीला चार रात्री काढल्या मी, खालून ट्रक गेला की उठून बसत होते. तुझ्या नवऱ्यानं विचारलं, आई, डास आहेत का? मी हो म्हटलं. … नाही, खालच्या मजल्यावर घर बघू नका माझ्यासाठी. इथं मला अंधारातसुद्धा कळतं दार कुठं आहे.

पडले तर? पडेन कशाला? … डोळ्याचं? उजव्याचा मोतीबिंदू पिकायचाय अजून, डॉक्टर म्हणाले थंडीत करू. … दिसते गं पायरी. … म्हणजे दिसते असं नाही, अंगठ्यानं चाचपते मी. ठाऊक आहे ना कुठं आहे ती. … रागवू नकोस. सुमनबाई सकाळ-संध्याकाळ येतात. … मधे? मधे कोण येणार, मधे मीच असते.

कसली पट्टी? … दवाखान्यात असते ती? खाली धातू आणि वर प्लॅस्टिकच्या खाचा, पिवळ्या. … हो, पाहिलीय. डोळे दाखवायला गेले तिथल्या जिन्याला होती. पाय घसरत नाही आणि लांबून दिसते, कळलं मला. पण राजी, ती दवाखान्यातली. घरात कुणी लावतं का? आलेला माणूस म्हणेल, इथं कोण आजारी आहे? … बघू. बघू म्हटलं ना.

दे. दे तिला. …

देवी? … अगं आधी हे सांग, पेढे कुठले आणले? … वा. आणि गणितात? … बघ, मी म्हटलं नव्हतं? … नाही गं बाळा. मी कशाला रागवू? तुझी आई घाबरवते तुला. … आज्जीला काही वाईट वाटलेलं नाही. वाटलं थोडं. ते दुपारपर्यंत जाईल.

दर शनिवारी येशील? … नाही येणार तू. अगं, तुझ्यावर अविश्वास नाही. रविवारी परीक्षा असते क्लासची. सगळ्या क्लासांची असते, मी इतक्या पोरी ठेवल्या, मला ठाऊक नाही का? शनिवारी तुम्ही घोकत बसणार. येऊ नकोस. मला बसमध्ये पुस्तक उघडून बसलेली नात नको. … दिवाळीला ये. दिवाळीला सुटी देतात, कमी देतात, पण देतात.

एक विचारू? तुला गुलाबी आवडतो का अजून? … सहज. … नाही ना. बरं. निळा. ठेवते लक्षात. … आणि हे बघ, सकाळी चहाबरोबर काहीतरी खायचं, उपाशी क्लासला जायचं नाही. माझ्याकडं राहणाऱ्या पोरी उपाशी जायच्या आणि प्रार्थनेच्या रांगेत चक्कर येऊन पडायच्या. … दे आईला. …

हां, राजी. … किती मोठ्या माणसासारखी बोलते गं ती. फोनवर तुझाच आवाज, मला क्षणभर कळलं नाही. … नाही, ठीक आहे मी. खरंच. तू लोणचं मात्र उन्हात ठेव, झाकण घट्ट लावू नकोस, आधी फडकं बांध.

थांब, फोन ठेवू नकोस. ताहेरभाई आलेत, त्यांचा मसाला वाळतोय. तूही ऐक, म्हणजे पुन्हा विचारणार नाहीस.

ताहेरभाई, हे गुलाबी परत न्या. … नाही, चांगलं आहे, रंग चांगला आहे. पण नको. कोपऱ्याला अॅल्युमिनियमची साधी लावा, तुमच्याकडं आहे ती. सिमेंट लागलं तर वाळायच्या आत ओल्या फडक्यानं पुसा, नंतर खरवडू नका. आवरण माझ्यासमोर आजच काढायचं, मला चन्नबसप्पा व्हायचं नाही.

आणि पायरी आज करू नका. … हो, मसाला वाया जाईल, जाऊ द्या. पायरीला वेगळी पट्टी येते, पिवळी, खाचांची. दवाखान्याच्या जिन्याला असते. बाजारात मिळेल का? … नांदेडहून मागवावी लागली तर माझी मुलगी पाठवील. … काय? … नाही भाई, आजारी कुणी नाही.

… नात नाही येणार. नांदेडलाच शिकणार आहे ती.

… माझ्यासाठी. मीच वापरणार ही न्हाणी. समोरच्या न्हाणीला उंच उंबरा आहे, तो मला आता जमत नाही. … हो, दिसत नाही मला नीट. पिवळं दिसतं.

राजी, ऐकलंस ना? … बाई गं, आता कशाला रडतेस? तुझंच तर ऐकलं मी. … हं. … हं. … उद्या कर फोन. उद्या मी घरीच आहे. … ठेवते. तू ठेव आधी. … बरं, मी ठेवते.

त्यानंतर राजश्री रोज फोन करायला लागली, आणि अजून करते. बोलायला फार नसतं. भाजी कोणती केली ते दोघी एकमेकींना सांगतो. जावई निवृत्त झाले. त्यांनी खालच्या मजल्यावरचं घर बघितलं होतं, पण मी गेले नाही. देविका डॉक्टर झाली नाही, औषधांच्या कंपनीत आहे हैदराबादला. त्या दिवाळीला आली आणि तिसऱ्या दिवशी परत गेली. तिच्या लग्नानंतर एकदा दोघं येऊन गेली.

ताहेरभाईंचे गुडघे गेले. त्यांनी काम सोडलं आणि ते मुलाकडं उदगीरला राहायला गेले. ईदला फोन यायचा त्यांचा, दोन वर्षांपासून आलेला नाही. सुमनबाईंनी अॅसिड शेवटपर्यंत सोडलं नाही. त्या गेल्या तेव्हा त्यांच्या सुनेनं मला येऊन सांगितलं, आता ती येते. चन्नबसप्पांच्या मुलीचं लग्न झालं. जिना त्यांनी पाडून नवा बांधला.

मी पुढच्या जूनमध्ये दोन मुली घेतल्या, त्याच्या पुढच्या वर्षी एक. मग मोठी होस्टेलं झाली आणि कुणी विचारायला आलं नाही.

मुखेडच्या रुद्राणीचं पुढं काय झालं ते मला ठाऊक नाही. कॉलेज सुटायच्या वेळी मी त्या वर्षी बरेच दिवस दारात उभी राहत होते. दोन वेण्यांच्या पोरी पुष्कळ जायच्या.